जुन्या युकुलेलीची पारख

युकुलेली या चार तारांच्या हवाईयन वाद्याचा एखादा जुना नग हाती आला म्हणजे तीन प्रश्न पाठोपाठ येतात: हा कोणी घडविला, केव्हा घडविला आणि आज याचे काय येईल? हे तिन्ही प्रश्न एका दमात विचारले जात असले तरी त्यांची उत्तरे निरनिराळ्या मार्गांनी शोधावी लागतात, आणि या विषयात जो गोंधळ सर्वत्र आढळतो त्याचे मूळ बहुतांशी तिसऱ्या प्रश्नाच्या घाईने पहिल्या दोहोंची उत्तरे ठरविण्यात आहे. ज्याला मोठी किंमत हवी असते त्याला वाद्यही जुने दिसू लागते, आणि ज्याला ते जुने दिसते त्याला पोटातील चिठ्ठीवरचे पहिले साल हाच जन्माचा दाखला वाटू लागतो. वास्तविक चिठ्ठी ही या प्रकरणातील सर्वांत दुबळी साक्ष होय. लाकूड, बांधणी, पडदे, खुंट्या, पॉलिश आणि छाप यांपैकी एकेकट्यावर विसंबून न राहता, त्यांची परस्परांशी रुजवात घालून जो कालखंड निघतो तोच खरा. आणि तो बहुधा पाचदहा वर्षांचा पट्टा असतो, एखादे नेमके वर्ष नव्हे.

या वाद्याचा वंश पोर्तुगीज आहे. मदैरा बेटावर मशेत नावाचे चार तारांचे लहानसे वाद्य लोकांच्या नित्य वापरात होते; त्याच कुळातील काव्हाकिन्यो ब्राझीलला गेले, आणि ज्या दर्यावर्दी साम्राज्याचा गोवा हा एक भाग होता त्याच्या गलबतांतून अशी वाद्ये पूर्वेकडील बेटांपर्यंतही पोहोचली. उसाच्या मळ्यांवर काम करण्यासाठी करार करून निघालेल्या मदैरी कुटुंबांना घेऊन ‘रेव्हन्सक्रॅग’ हे जहाज २३ ऑगस्ट १८७९ रोजी होनोलुलूच्या बंदरात लागले. त्यावर मानुएल नुनेस, ऑगुस्तो डियास आणि जुझे दु इश्पीरितु सांतु हे लाकूडकामात तयार असे तीन कारागीर होते. मळ्यावरील मुदत संपल्यावर तिघांनीही होनोलुलूत आपला धंदा मांडला आणि मशेत व त्याचे पाच तारांचे भावंड रजाँव यांच्या मिलाफातून नवे वाद्य आकारास आणले. मशेताचा लहान देह तसाच राहिला, स्वरमेळ मात्र रजाँवाकडून आला. आणि मदैरेतल्या लाकडाऐवजी हवाईच्या डोंगरांवरील कोआ या बाभळीच्या जातीच्या वृक्षाचे लाकूड वापरले जाऊ लागले. राजा कालाकौआ याने या वाद्याला दरबारात स्थान दिले, हुला नृत्याच्या साथीस ते बसविले, आणि एका पिढीच्या आत परदेशी बिऱ्हाडाबरोबर आलेले हे वाद्य हवाईयन राष्ट्रीयत्वाची खूण होऊन बसले. या आरंभपर्वाची नीट छाननी झाली ती अलीकडे. जिम ट्रँक्वाडा आणि जॉन किंग यांनी वर्तमानपत्रे व सरकारी दप्तरे चाळून लिहिलेला इतिहास हवाई विद्यापीठाच्या मुद्रणसंस्थेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून पूर्वीच्या पुष्कळशा ऐकीव कथा मागे पडल्या.

या पहिल्या पिढीच्या हातची वाद्ये ओळखण्याची लक्षणे थोडी असली तरी बोलकी आहेत. पडद्यांची पट्टी दांडीवर निराळी चिकटविलेली नसते. पडदे थेट दांडीत बसविलेले असून दांडीचा पृष्ठभाग आणि तबली एकाच पातळीत येतात. कमर बारीक, पेटी अरुंद, खुंट्या लाकडी आणि वाद्य इतके हलके की हातात घेताच नवख्या माणसास ते रिकामे वाटावे. कडेने व ध्वनिरंध्राभोवती दोन रंगांच्या लाकडांची पिळाच्या दोरीसारखी दिसणारी नक्षी पुष्कळदा आढळते. परंतु हीच लक्षणे पुढे कित्येक वर्षे होनोलुलूच्या इतर कारखानदारांनी चालू ठेवली, त्यामुळे त्यांवरून ‘हवाईत घडलेले’ एवढे खात्रीने म्हणता येते. ‘१८८० च्या दशकातले’ असे म्हणण्यास अधिक पुरावा लागतो.

येथेच चिठ्ठीचा पहिला सापळा आहे. मानुएल नुनेसच्या चिठ्ठ्यांवर आपण १८७९ मध्ये युकुलेलीचा शोध लावला असा दावा छापलेला असे. तो दावा इतिहासाच्या कसोटीवर उतरत नाही, कारण तिघेही कारागीर एकाच वेळी त्याच खटपटीत होते आणि नवे वाद्य बेटांवर उतरल्यानंतर काही वर्षांनी सिद्ध झाले. पण त्याहून मोठा अनर्थ असा की, चिठ्ठीवरचा १८७९ हा आकडा वाचून विसाव्या शतकात घडलेली वाद्ये ‘सन १८७९ ची’ म्हणून विक्रीस मांडली जातात. दुसरा सापळा नुनेसच्या मुलाच्या, लिओनार्दोच्या, चिठ्ठीत आहे. तिच्यावर ‘युकुलेली ओ हवाई’ असे ठळक अक्षरांत असते. परंतु लिओनार्दो अमेरिकेच्या मुख्य भूमीवर जाऊन लॉस एंजेलिसला कारखाना चालवीत असे, आणि ती वाद्ये तेथली आहेत. वाद्ये उत्तम आहेत, त्यांत कोआही अस्सल आहे. केवळ ती हवाईत घडलेली नाहीत, आणि विकणाऱ्याने ते सांगितले पाहिजे.

मुख्य भूमीवर युकुलेलीचे वेड पसरले ते १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील पनामा-पॅसिफिक प्रदर्शनापासून. हवाईच्या मंडपातील गायनवादन ऐकून लक्षावधी माणसे परतली, आणि पुढील दहापंधरा वर्षे अमेरिकेच्या महाविद्यालयीन तरुणांत युकुलेली सर्वत्र शिरली. (भारतात जी हवाईयन गिटार चित्रपटसंगीतातून घरोघर ऐकू आली, तिच्या जगभरच्या लौकिकासही हीच लाट पुष्कळ अंशी कारणीभूत झाली.) या प्रदर्शनात होनोलुलूच्या जोना कुमालाए यास सुवर्णपुरस्कार मिळाला आणि त्याने तो आपल्या चिठ्ठीवर छापला. तेव्हा कुमालाएची अशी चिठ्ठी असलेले वाद्य १९१५ च्या आधीचे असू शकत नाही. पण ते १९१५ चे आहे असेही त्यावरून ठरत नाही. कालनिर्णयातील बहुतेक खुणा याच जातीच्या असतात. त्या ‘याच्या आधी नाही’ किंवा ‘याच्या नंतर नाही’ एवढेच सांगतात, आणि अशा दोन खुणांच्या कात्रीत वाद्य सापडले म्हणजे काम झाले. होनोलुलूच्या पत्त्यापुढे ‘एच. टी.’ किंवा ‘टी. एच.’ ही प्रदेशदर्शक आद्याक्षरे असतील, तर ते वाद्य हवाई अमेरिकेचा प्रदेश झाल्यापासून १९५९ मध्ये राज्य होईपर्यंतच्या काळातले. चिठ्ठीत पाच आकडी टपालांक असेल तर ती १९६३ नंतरची. ‘ऑक्युपाइड जपान’ असा छाप असेल तर युद्धोत्तर ताब्याची १९४५ ते १९५२ ही वर्षे. असे दाखले कोरडे असतात, परंतु न्यायाच्या कामी तेच टिकतात.

आता मार्टिनकडे वळले पाहिजे, कारण बाजारातील निम्म्याहून अधिक वाद त्याच एका नावाभोवती फिरतात. पेनसिल्व्हेनियातील नाझरेथ गावच्या सी. एफ. मार्टिन कंपनीने १९०७ च्या सुमारास काही युकुलेल्या करून पाहिल्या, पण त्या गिटारीच्या धर्तीवर, स्प्रूसची तबली आणि आत भक्कम आडपट्ट्या घालून केल्यामुळे त्यांचा आवाज दबलेला निघाला व गिऱ्हाइकाने पाठ फिरविली. प्रदर्शनानंतर मागणी उसळली तेव्हा कंपनीने महोगनीची, हलक्या आडपट्ट्यांची नवी घडण सिद्ध केली, आणि १९१६ पासून पहिली, दुसरी व तिसरी अशा तीन प्रतींत ती विकू लागली. १९२० मध्ये कोआच्या प्रती आल्या. १९२२ मध्ये अगदी साधी शून्य क्रमांकाची आणि शिंपल्याच्या झगझगीत कडांची पाचव्या क्रमांकाची, अशा दोन टोकांच्या प्रती निघाल्या. १९२५ मध्ये थोडी मोठी कॉन्सर्ट, त्या दशकाच्या अखेरीस टेनर आणि १९६० च्या सुमारास बॅरिटोन. प्रत ओळखणे कठीण नाही. शून्य क्रमांकास कडपट्टी नसते. पहिल्यास गडद कडपट्टी. दुसऱ्यास हस्तिदंती रंगाच्या सेल्युलॉइडची. तिसऱ्याची आबनुसाची लांब पट्टी ध्वनिरंध्रापर्यंत उतरते व तिच्यावर बाराऐवजी सतरा पडदे असतात. आणि पाचवी प्रत एकदा पाहिल्यावर विसरणे अशक्य.

अडचण आहे ती सालाची. मार्टिनच्या गिटारीवर अनुक्रमांक असतो आणि कंपनीच्या नोंदवहीवरून तिचे वर्ष नक्की निघते. युकुलेल्यांच्या बाबतीत मात्र हा शिरस्ता अगदी आरंभीच्या थोड्या नगांनंतर सोडून देण्यात आला, कारण मागणीचा रेटा इतका होता की त्या काळात गिटारींहून युकुलेल्याच कारखान्यातून अधिक बाहेर पडत. परिणामी एवढ्या व्यवस्थित कंपनीच्या वाद्याचेही साल अंगभूत खुणांवरूनच काढावे लागते. शिराच्या मागच्या बाजूस कंपनीच्या नावाचा दाबून उठविलेला छाप आणि दर्शनी बाजूस काहीच नसणे, ही जुनी पद्धत. १९३० च्या दशकाच्या प्रारंभी ती जाऊन दर्शनी बाजूस सोनेरी अक्षरांचा डेकल आला. पडद्यांसाठी आधी पितळेच्या सपाट उभ्या पट्ट्या वापरीत. त्याच दशकाच्या मध्याकडे टी अक्षराच्या छेदाचे, वरून गोलसर पडदे रूढ झाले. लाकडी खुंट्या आधीच्या, घर्षणावर चालणाऱ्या धातूच्या खुंट्या नंतरच्या. पण खुंट्या सहज बदलता येतात, म्हणून त्यांची साक्ष नेहमी जुळवून घ्यावी. समजा, एका वाद्याला मागे छाप आहे, पुढे डेकल नाही, पडदे सपाट आहेत, कोआ आहे आणि प्रत शून्य क्रमांकाची नव्हे: तर ते १९२० च्या आधीचे नाही आणि १९३० च्या दशकात फार आत शिरणारेही नाही. इतके सांगून थांबावे. ‘१९२४ चे’ असे जो ठामपणे म्हणतो त्याच्याकडे मूळ खरेदीची पावती असली पाहिजे. टॉम वॉल्श आणि जॉन किंग यांचे या कंपनीच्या युकुलेल्यांवरील २०१३ चे पुस्तक कारखान्याच्या दप्तरावर आधारलेले असल्यामुळे या बाबतीत शेवटचा शब्द त्याचाच मानावा लागतो. मार्टिनने डिट्सन, सदर्न कॅलिफोर्निया म्युझिक कंपनी अशा व्यापाऱ्यांसाठीही वाद्ये घडविली व त्यांवर त्या त्या व्यापाऱ्याचा छाप मारला. तेव्हा अपरिचित नाव पाहून असे वाद्य बाजूस सारणाराही फसतो. उलट, नकली डेकल आज विकत मिळतात, आणि आतील आडपट्ट्या न पाहता केवळ सोनेरी अक्षरांवर पैसे मोजणाऱ्यास कोणतीही दाद मागता येत नाही.

इतरांचा परामर्श त्रोटकच पुरे. होनोलुलूत सॅम्युएल कमाका याने १९१६ मध्ये काम सुरू केले आणि १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात अननसाच्या आकाराची, कमर नसलेली युकुलेली काढली. त्याचे घराणे आजही तेच काम करीत आहे, आणि जुन्या नगांतील सोनेरी चिठ्ठी सामान्यतः १९५० च्या मध्यापासून १९६० च्या दशकाअखेरपर्यंतची, पांढरी त्यानंतरची मानली जाते. शिकागोच्या हार्मनी, रीगल, लायन अँड हीली या कारखान्यांनी अगणित वाद्ये बाहेर काढली. त्यांतील बरीच बर्चवर गडद रंग देऊन केलेली साधी, तर काही, लायन अँड हीलीच्या त्रिकोणी किंवा घंटेच्या आकाराच्या युकुलेलीसारखी, केवळ रूपासाठी संग्राह्य झाली. हार्मनीच्या एका नमुन्याची घोडी विमानाच्या आकाराची आहे. १९२७ मध्ये लिंडबर्गने अटलांटिक ओलांडल्याचा तो पडसाद असल्यामुळे त्या वाद्याचा काळ त्या घोडीनेच सांगितला आहे. बॅंजो-युकुलेलीचा प्रांत निराळा असून त्यात लाकडापेक्षा धातूकामाचे ज्ञान लागते. आणि १९४९ मध्ये गिटारकार मारिओ माकाफेरी याने प्लास्टिकची ‘आयलँडर’ बाजारात आणली, तिला आर्थर गॉडफ्री या दूरचित्रवाणीवरील लोकप्रिय माणसाची जोड मिळाली, आणि ती लक्षावधींनी खपली. ती आजही सुरात वाजते, ही तिच्या घडविणाऱ्याच्या गुणवत्तेची साक्ष आहे.

परीक्षेची रीत पाहायची तर वाद्य तारांसह हातात घेण्यापूर्वी दिव्यापाशी न्यावे आणि ध्वनिरंध्रातून दंतवैद्याचा लहान आरसा आत सरकवावा. तबलीच्या बाहेरील बाजूस लाकडाच्या रेषा जशा चालल्या आहेत तशाच त्या आतून चाललेल्या दिसल्या तर लाकूड एकसंध आहे. बाहेर झळाळता कोआ आणि आत निराळेच फिकट लाकूड दिसले तर तो वरून चिकटविलेला पापुद्रा आहे. आडपट्ट्यांच्या टोकांशी जुन्या सरसाचे तांबूस, ठिसूळ थेंब असावेत; पांढरा रबरी सरस दिसला तर अलीकडचे हात लागले आहेत. भेगांच्या आतल्या बाजूस बसविलेल्या लाकडी चकत्या मोजाव्यात. त्यांची लाज धरण्याचे कारण नाही, कारण कोआ कोरड्या हवेत भेगाळतोच आणि नीट सांधलेली भेग आवाज बिघडवीत नाही. मग घोडीभोवती तिरपा प्रकाश टाकावा: पूर्वीच्या मोठ्या घोडीची सावली, नको तेथे भरलेली छिद्रे किंवा घोडीच्या कडेस गोळा झालेले पॉलिश दिसले, तर घोडी बदलली आहे. शेवटी अंधारात जंबुपार दिवा लावावा. जुने लाखेचे पॉलिश त्या उजेडात नारिंगी झाक देते, जुना नायट्रोसेल्युलोज लाख-रंग हिरवट पिवळा दिसतो, आणि अलीकडे फवारलेले आवरण यांहून निराळे पडते. १९२० च्या दशकात लाखेकडून नायट्रोसेल्युलोजकडे कारखाने वळले, म्हणून हा दिवा कालनिर्णयाचाही साक्षीदार आहे. आणि ती लाख पुष्कळशी हिंदुस्थानच्या जंगलांतून गेलेली होती, हेही येथे नोंदवावेसे वाटते. सेल्युलॉइडच्या कडपट्ट्या चुरा होऊ लागल्या असतील तर सावध असावे. त्यांतून निघणारे आम्ल शेजारच्या धातूस गंजविते, आणि असे वाद्य बंद पेटीत इतरांबरोबर ठेवू नये.

आता किंमत. किंमत ही वाद्यात नसते, व्यवहारात असते. आणि व्यवहार किमान तीन प्रकारचे आहेत. दुकानदार हमी देऊन, दुरुस्ती करून विकतो ती किंमत सर्वांत चढी. लिलावात त्या दिवशी जमलेल्या दोन इच्छुकांवर सारे अवलंबून. आणि दुकानदार स्वतः घेताना देतो ती अर्थातच पुष्कळ कमी. मागितलेल्या किमती सर्वत्र वाचावयास मिळतात, पण त्यांना पुराव्याचे मोल नाही. प्रत्यक्ष मिळालेल्या किमतींचाच आधार घ्यावा. साधारण श्रेणी अशी: प्लास्टिकची आयलँडर काही दहा डॉलरांत मिळते; शून्य क्रमांकाची मार्टिन किंवा चांगली कमाका काही शे डॉलरांच्या पायरीवर; आणि पाचव्या क्रमांकाची कोआची मार्टिन, किंवा आरंभीच्या तिघांपैकी एकाची खात्रीची कृती, हजारो डॉलरांच्या घरात. एकाच प्रतीत कोआ महोगनीहून महाग, ठळक लहरींचा कोआ साध्या कोआहून महाग. मूळ पॉलिश काढून नवे दिले की किंमत निम्म्यापर्यंत उतरते, आणि ते योग्यच आहे, कारण त्यासोबत वाद्याचा इतिहासच खरवडून काढलेला असतो. पन्नास वर्षांच्या हातांनी उतरविलेला रंग हा दोष नव्हे. झीज झालेले पण अस्पर्श वाद्य मला नव्या झळाळीच्या वाद्याहून नेहमीच श्रेयस्कर वाटत आले आहे, आणि याबाबतीत बाजार माझ्याशी सहमत आहे.

एका बाबतीत मात्र मी बाजाराशी सहमत नाही. चिठ्ठी गळून पडलेली, नाव नसलेली, १९१० च्या दशकातील कित्येक हवाईयन वाद्ये बांधणीने व आवाजाने नावाजलेल्या नगांच्या तोडीची असूनही त्यांना निम्मी देखील किंमत येत नाही. खरेदीदार नाव विकत घेतो, वाद्य नव्हे. शिराचा घाट, नक्षीची वीण, दांडीच्या टाचेचा उतार यांची छायाचित्रे व मापे खात्रीच्या नगांशी ताडून त्यांपैकी पुष्कळांची नावे परत मिळविता येतील. हे काम संग्राहकांच्या एकेकट्या हौसेवर न सोडता संग्रहालयांनी अंगावर घेतले पाहिजे. तोपर्यंत ज्याला वाजवायचे आहे, आणि पुढे विकण्याची घाई नाही, त्याने डोळे उघडे ठेवून अशीच वाद्ये घ्यावीत. त्यांवर नायलॉनच्या हलक्या तारा चढवाव्यात. ती तातीच्या तारांसाठी घडलेली आहेत आणि पोलादी तारांनी त्यांची तबली फुगून येते.

कालनिर्णयाला अलीकडे एक कायदेशीर अंगही आले आहे. पहिल्या व दुसऱ्या प्रतींच्या जुन्या मार्टिनवर ज्या रोझवुडच्या पट्ट्या आहेत ते लाकूड ब्राझीलचे. १९६९ मध्ये कंपनीने ब्राझिली रोझवुड सोडून भारतीय शिसवी, म्हणजे आपल्या सह्याद्रीतही वाढणारे लाकूड, स्वीकारले. ब्राझिली रोझवुड १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सर्वांत कडक यादीत आहे. शिसवीच्या साऱ्या कुळावर २०१७ मध्ये आलेले निर्बंध तयार वाद्यांपुरते २०१९ मध्ये सैल झाले, पण ब्राझिली लाकडाला ती सवलत नाही. त्यामुळे असे वाद्य विकत घेऊन एका देशातून दुसऱ्या देशात न्यावयाचे तर ते १९९२ पूर्वीचे असल्याचा पुरावा आणि परवाना जकातीच्या नाक्यावर दाखवावा लागतो, आणि तेथील अधिकाऱ्यास ‘हे फार जुने आहे’ एवढे पुरत नाही. छाप, पडदे, डेकल व जुन्या दुरुस्तीच्या पावत्या यांचा तपशील छायाचित्रांसह एका जाणकाराच्या सहीने लिहून घेऊन तो कागद वाद्याच्या पेटीत ठेवावा. आणि मालक बदलला की नव्या नोंदीसह तो वाद्याबरोबरच द्यावा.